खालचा जबडा मागे घेण्याच्या शस्त्रक्रियेनंतर जबड्याची हालचाल बदलते का?

पारिजात:

नमस्कार. माझी मुलगी १९ वर्षांची आहे. तिचा खालचा जबडा लहानपणापासून थोडा पुढे होता आणि बाराव्या-तेराव्या वर्षानंतर तो आणखी पुढे आला. आता तोंड मिटले की खालचे समोरचे दात वरच्या दातांच्या बाहेर बसतात. भाकरी किंवा पेरू समोरच्या दातांनी तोडणे तिला जमत नाही. ती तुकडा सुळ्यांच्या बाजूला नेते आणि ओढून तोडते, शिवाय तिचे जवळजवळ सगळे चावणे उजव्या दाढांवरच होते. आम्ही दोन ऑर्थोडॉन्टिस्टांचा (तारा लावून दात जागेवर आणणाऱ्या दंतवैद्यांचा) आणि एका सर्जनचा सल्ला घेतला. तिघांनीही सुमारे दीड वर्ष तारा, मग शस्त्रक्रिया आणि त्यानंतर पुन्हा काही महिने तारा असा मार्ग सांगितला आहे.

उपचारानंतर चेहरा कसा दिसेल हे आम्हाला संगणकाच्या पडद्यावर दाखवण्यात आले, आणि मुलीला ते आवडलेही. जबडा चालेल कसा, हे मात्र कोणी नीट समजावून सांगितले नाही. तोंड आज जेवढे उघडते तेवढे पुढेही उघडेल का? दोन्ही बाजूंनी चावता येईल का? तोंड उघडताना तिच्या उजव्या कानापुढे अधूनमधून ‘कट्’ असा आवाज येतो, पण दुखत नाही. उपचाराने तो जाईल की वाढेल? ज्यांना या विषयाचा अनुभव किंवा अभ्यास आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे. उत्तर लांबले तरी चालेल.

मौक्तिक:

पारिजात, हा प्रश्न आपण उपचार सुरू होण्याआधी विचारत आहात, ही चांगली गोष्ट आहे. मी २२ वर्षे ऑर्थोडॉन्टिस्ट म्हणून काम करते आहे आणि हा प्रश्न मला बहुतेक वेळा शस्त्रक्रिया होऊन गेल्यावर ऐकावा लागतो. हाडाची जागा शस्त्रक्रियेत काही तासांत बदलते, दातांची जागा काही महिन्यांत बदलते; चावण्याची सवय बदलायला मात्र त्याहून बराच जास्त काळ लागतो आणि ती आपोआप पूर्ण बदलेलच असे नाही. घरच्यांना हे आधीपासून ठाऊक असले तर पुढचे वर्ष-दोन वर्ष पुष्कळ सोपे जाते.

आधी हालचाल समजून घेऊ. कानाच्या भोकासमोर बोट ठेवून सावकाश तोंड उघडून पाहा. पहिल्या २० ते २५ मिलिमीटरपर्यंत खालच्या जबड्याचे डोके, म्हणजे कानाजवळचे त्याचे गोलसर टोक, मुख्यतः जागच्या जागी, बिजागरीसारखे फिरते. त्यापुढे ते कवटीच्या खाचेतून निघून समोरच्या उंचवट्यावरून खाली आणि पुढे घसरते, तेव्हा बोटाखाली खळगा जाणवतो. हाड आणि खाच यांच्यामध्ये एक चिवट चकती असते आणि तीही डोक्याबरोबर सरकते. चकती थोडी पुढे निसटलेली असेल, तर तोंड उघडताना डोके तिच्यावर पुन्हा चढते आणि त्या क्षणी ‘कट्’ आवाज येतो. असा आवाज पुष्कळ लोकांना असतो. वेदना नसेल आणि तोंड अडकत नसेल तर केवळ आवाजासाठी उपचार करत नाहीत, मात्र उपचाराआधी त्याची नोंद झालीच पाहिजे.

प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडते आणि जबडा प्रत्येक बाजूला ८ ते १० मिलिमीटर सरकतो. उल्फ पोसेल्ट या स्वीडिश संशोधकाने १९५२ साली खालच्या समोरच्या दाताचे टोक कुठवर पोहोचू शकते याची सीमारेषा आखून दाखवली. बाजूने पाहिल्यास ती आकृती केळ्यासारखी दिसते. चावताना आपण त्या आकृतीचा अगदी वरचा, लहानसा भाग वापरतो, आणि म्हणूनच तोंड किती उघडते व माणूस कसा चावतो हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर चांगले आले म्हणून दुसऱ्याचेही तसेच येईल, असे धरून चालता येत नाही.

दात नीट बसणाऱ्या माणसाला चावताना समोरून पाहिले तर हनुवटीचा मार्ग पाण्याच्या थेंबासारखा दिसतो: जबडा खाली जातो, घास असलेल्या बाजूला झुकतो आणि वर येताना दाढांवर दाढा किंचित घासत मध्यभागी परततो. या हालचालीची लय मेंदूच्या देठातून येते आणि दातांच्या मुळांभोवतीच्या तंतूंमधील संवेदना तिला क्षणोक्षणी दुरुस्त करत असतात. खालचा जबडा पुढे असलेल्या लोकांमध्ये हा थेंब अरुंद झालेला असतो. बाजूला सरकताना दात चुकीच्या जागी अडखळतात, म्हणून शरीर तो मार्गच सोडून देते आणि जबडा सुरीसारखा सरळ वर-खाली चालू लागतो. आपल्या मुलीने एकाच बाजूने चावण्याची सवय लावून घेतली, तीही अशीच एक तडजोड असणार.

आता तारांच्या टप्प्याविषयी. जबडा पुढे असला की शरीर दात तिरके करून फरक झाकण्याचा प्रयत्न करते; खालचे दात आत झुकतात, वरचे बाहेर झुकतात. शस्त्रक्रियेपूर्वी तारांनी हे तिरकेपण काढून टाकावे लागते, त्यामुळे त्या वर्षभरात दातांमधील उलटे अंतर कमी न होता वाढते आणि चावणे आजच्यापेक्षा कठीण होते. माझ्याकडे येणारे पालक या काळात सर्वाधिक घाबरतात. उपचार चुकला असे त्यांना वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे, पण दात हाडावर सरळ उभे राहिल्याशिवाय सर्जनला जबडा योग्य तेवढा मागे नेता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतर बहुतेक रुग्णांमध्ये थेंब रुंदावतो, म्हणजे बाजूची हालचाल परत येऊ लागते. तरीही सरासरीने पाहता तो जन्मतः चांगला चावा असलेल्या माणसाइतका रुंद होत नाही. चावण्याच्या जोराचेही असेच आहे. पहिले काही महिने तो घटतो, पुढे साधारण सहा महिने ते वर्षभरात पूर्वपदावर येतो आणि नंतर हळूहळू वाढत राहतो, पण इतरांची बरोबरी सगळेच गाठतात असे नाही. सांध्याच्या आवाजाविषयी मी कोणतेही वचन देणार नाही. काहींचा आवाज जातो, काहींचा तसाच राहतो आणि थोड्या जणांना तो नव्याने सुरू होतो. नुसत्या तारांच्या उपचारामुळे सांध्याचे दुखणे होते का, या वादात १९८७ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये एका ऑर्थोडॉन्टिस्टविरुद्ध मोठ्या भरपाईचा निकाल लागला होता आणि त्यानंतर या विषयावर पुष्कळ संशोधन झाले. त्याचा एकूण कौल असा की तारांनी सांध्याचे दुखणे उत्पन्न होत नाही, पण तारा म्हणजे त्या दुखण्यावरचा इलाजही नव्हे.

निर्झर:

मी स्वतः या शस्त्रक्रियेतून गेलो आहे, म्हणून लिहितो. चार वर्षांपूर्वी, वयाच्या २४ व्या वर्षी माझा वरचा जबडा थोडा पुढे आणि खालचा मागे घेण्यात आला. आधी माझे तोंड ४७ मिलिमीटर उघडत असे. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या आठवड्यात दातांमध्ये एक बोटही जेमतेम जात होते. सहाव्या आठवड्यात २१, तिसऱ्या महिन्यात ३२ आणि वर्ष पूर्ण होताना ४३ मिलिमीटर अशी माझ्या वहीत नोंद आहे.

या आकड्यांमध्ये माझी एक तक्रारही दडलेली आहे. पहिले दोन महिने मला व्यायाम सांगण्यातच आले नाहीत. जखम भरेल, मग तोंड आपोआप उघडेल, असे मी समजत होतो आणि तपासणीला गेलो की एक्स-रे पाहून मला परत पाठवले जाई. दुसऱ्या एका डॉक्टरांनी माझे तोंड पट्टीने मोजले तेव्हा कुठे खरी गोष्ट समोर आली. त्यांनी घसा तपासण्याच्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायला शिकवले आणि दर दोन-तीन दिवसांनी एक पट्टी वाढवायला सांगितले. त्याचबरोबर आरशासमोर उभे राहून हनुवटी मधल्या रेषेवरून न ढळू देता तोंड उघडायचे, मग जबडा डावीकडे, उजवीकडे आणि पुढे न्यायचा. शेक घेऊन हे दिवसातून पाच वेळा करायचे. ताणल्यासारखे वाटले तर चालेल, कळ आली की थांबायचे. त्या पट्ट्यांनी मला जेवढे परत दिले तेवढे दुसऱ्या कशानेही दिले नाही, म्हणून माझी कळकळीची विनंती आहे की व्यायाम केव्हा आणि कोणता सुरू करायचा हे शस्त्रक्रियेच्या आधीच लिहून घ्या.

खाण्याबद्दल सांगायचे तर पहिले पंधरा दिवस पेज, ताक आणि गाळलेली आमटी, त्यानंतर खिमट आणि मऊ भात. भाकरी दुधात कुस्करून मी दहाव्या आठवड्यात खाल्ली आणि कोरडी भाकरी समोरच्या दातांनी तोडली ती सातव्या महिन्यात. आयुष्यात पहिल्यांदा! आई समोर बसली होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. मात्र दाढांची ताकद त्या दिवशी आलेली नव्हती. शेंगदाणे चावताना जबडा लवकर थकत असे, आणि तो थकवा पूर्ण जायला दीड वर्ष गेले.

आणखी दोन गोष्टी, ज्या मला कोणी सांगितल्या नव्हत्या. पहिली बोलण्याची. ‘चाक’मधला च, ‘जाळे’मधला ज आणि ‘साखर’मधला स उच्चारताना वरचे-खालचे दात जवळ यावे लागतात; जुन्या जबड्यात मी ते जिभेच्या कसरतीने काढत होतो आणि नव्या जबड्यात तीच कसरत नडू लागली. तीन-चार महिने मोठ्याने वाचन केल्यावर उच्चार स्थिरावले. दुसरी म्हणजे खालच्या ओठाची बधिरता. माझ्या डाव्या बाजूचा नाण्याएवढा भाग आजही थोडा बधिर आहे, त्यामुळे ओठाला काही लागले तर मला उशिरा कळते. हे सगळे धरूनही मी पुन्हा हाच निर्णय घेईन.

वडाची सावली:

विषयाला थोडा फाटा फुटतो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. माझ्या ११ वर्षांच्या मुलाचे याच्या उलट आहे, म्हणजे त्याचा खालचा जबडा मागे आहे. त्याला वरच्या आणि खालच्या दातांवर बसवायचे दोन ठोकळे दिले आहेत. ते लावले की त्याचा जबडा पुढे येतो, आणि आता काढले तरी तो मागे जात नाही. यात काळजीचे काही आहे का?

मौक्तिक:

वडाची सावली, वर्णनावरून हे ट्विन ब्लॉक नावाचे उपकरण दिसते. ते स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ साली तयार केले. दोन्ही ठोकळ्यांचे उतार एकमेकांवर असे बसतात की तोंड मिटताना जबडा पुढेच मिटतो. काही आठवड्यांत जबडा पुढे ओढणारे स्नायू नव्या जागेला सरावतात आणि मागे जाणे मुलाला नकोसे वाटते. हे अपेक्षितच आहे. मात्र सरावलेला स्नायू म्हणजे वाढलेले हाड नव्हे. दाढांचा चावा नव्या जागी पक्का बसेपर्यंत उपकरण सोडले, तर जबडा कधी पुढे तर कधी मागे अशा दोन जागी मिटू लागतो. डॉक्टर सांगतील तितके महिने ते लावू द्या, आणि जेवतानाही लावायला सांगितले असेल तर त्यात सूट देऊ नका.

सह्यकडा:

मी मॅक्सिलोफेशियल, म्हणजे जबडा आणि चेहऱ्याचा सर्जन आहे. मौक्तिक यांच्या उत्तराला सर्जनच्या बाजूने थोडी जोड देतो.

खालचा जबडा मागे-पुढे नेण्यासाठी आज सर्वाधिक वापरली जाणारी पद्धत ट्राउनर आणि ओब्वेगेसर यांनी १९५७ साली मांडली आणि १९६१ मध्ये डाल पॉन्ट यांनी तिच्यात सुधारणा केली. दाढांच्या मागे जबड्याचे हाड पुस्तकाची पाने विलग करावीत तसे उभे चिरतात. दात असलेला भाग सरकवला जातो आणि सांध्याचे डोके असलेला भाग मागे, आपल्या जागीच ठेवायचा असतो. हालचालीच्या दृष्टीने संपूर्ण शस्त्रक्रियेतील सर्वात नाजूक क्षण हाच. भूल दिलेल्या रुग्णाचे स्नायू सैल असतात, त्यामुळे डोके खाचेतून किंचित खाली लोंबकळलेल्या स्थितीत असतानाच स्क्रू बसवले गेले, तर वरचे-खालचे दात एकमेकांना बांधलेले असेपर्यंत सगळे व्यवस्थित दिसते आणि सोडताच चावा सरकतो. म्हणून स्क्रू बसवल्यावर दात मोकळे करून, जबडा हाताने उघड-मीट करून पाहिल्याशिवाय मी टाके घालत नाही. आपल्या सर्जनला हा प्रश्न निःसंकोच विचारा.

पूर्वी हाड तारेने बांधत आणि वरचे-खालचे दात सुमारे सहा आठवडे एकमेकांना जखडून ठेवत. तेवढ्या काळात स्नायू आखडत आणि सांधा ताठर होई. प्लेट आणि स्क्रू आल्यापासून बहुतेक रुग्णांना तोंड लवकर हलवता येते आणि दातांवर फक्त मार्गदर्शनापुरते रबर ठेवले जातात. निर्झर यांचे आकडे त्यामुळेच मला जरा हळहळ लावून गेले, कारण लवकर हालचाल करता यावी हा प्लेटचा मोठा फायदा आणि तोच त्यांना सुरुवातीला मिळाला नाही.

वरच्या जबड्यावर शस्त्रक्रिया करताना ज्या रेषेत हाड कापतात तिला रने ल फोर यांचे नाव आहे. त्यांनी १९०१ साली चेहऱ्याच्या अस्थिभंगांच्या रेषा वर्णन केल्या होत्या. वरचा जबडा वर सरकवला की खालचा न कापताही सांध्याभोवती फिरून वर मिटतो. केवळ वरच्या जबड्यावर काम झाले असेल तर तोंडाचे उघडणे सहसा लवकर परत येते, कारण चावण्याच्या मोठ्या स्नायूंना हात लागलेला नसतो. खालचा जबडा फार मागे नेल्यास जिभेमागची श्वासाची वाट अरुंद होऊ शकते, म्हणून पुष्कळदा फरक दोन्ही जबड्यांत वाटून घेतात. निर्झर यांच्या बाबतीत तसेच झालेले दिसते.

सांध्याचे डोके हळूहळू झिजण्याचा एक धोकाही आहे. तो मुख्यतः खालचा जबडा लहान, मागे आणि तिरका असलेल्या तरुण मुलींमध्ये, जबडा बराच पुढे आणल्यावर आढळतो. पारिजात यांच्या मुलीचा प्रकार त्याच्या उलट आहे. तरीही आवाज येणाऱ्या उजव्या सांध्याची तपासणी आधी व्हावी, आणि गरज वाटल्यास एमआरआय करावा, असे माझे मत आहे. जबड्याची वाढ थांबली आहे याचीही खात्री हवी. काही महिन्यांच्या अंतराने काढलेले बाजूचे एक्स-रे एकमेकांशी जुळले म्हणजे ती होते.

एक वेगळी पण महत्त्वाची सूचना. तरुण रुग्णाचे तोंड कमी उघडत असेल तर मी सुपारी आणि गुटख्याविषयी आवर्जून विचारतो. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारीने गालाच्या आतील कातडी ताठर झालेली मुले आजही येतात. अशा रुग्णाचे तोंड जबड्याच्या शस्त्रक्रियेने मोकळे होत नाही, आणि ही गोष्ट आधी मोजली नसेल तर दोष नंतर शस्त्रक्रियेला दिला जातो.

पारिजात:

आपण सर्वांनी इतका वेळ देऊन लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काल रात्री मुलीला आरशासमोर बसवून पट्टीने मोजले. तोंड ४४ मिलिमीटर उघडले, जबडा डावीकडे ९ आणि उजवीकडे ६ मिलिमीटर गेला. उघडताना हनुवटी थोडी उजवीकडे ढळते. सुपारीचा प्रश्न नाही. एक शंका राहते. निर्झर यांचे तोंड ४७ वरून ४३ वर आले, म्हणजे चार मिलिमीटर कायमचे गेले असे समजायचे का?

मौक्तिक:

तसे समजू नये, आणि हाच मुद्दा पुष्कळ डॉक्टरही विसरतात. आपण वरच्या दाताच्या कडेपासून खालच्या दाताच्या कडेपर्यंत मोजतो, पण तोंड मिटलेले असताना दात एकमेकांवर जितके चढलेले असतात तितके अंतर जबड्याला आधी कापावे लागते. म्हणून खरे उघडणे म्हणजे मोजलेले अंतर अधिक दातांचा चढ. मुलीचा उलटा चढ समजा ३ मिलिमीटर असेल, तर तिचे खरे उघडणे ४७ मिलिमीटर होईल. उपचाराने चढ बदलला की सांध्याची हालचाल तीच राहूनही पट्टीवरचा आकडा बदलतो. ज्यांचे समोरचे दात मिटतच नाहीत त्यांच्यात तर फट वजा करावी लागते. दुसरे कारण साध्या भूमितीचे आहे. सांध्यापासून समोरच्या दातांपर्यंतचे अंतर सुमारे १०५ मिलिमीटर धरले आणि जबडा ८ मिलिमीटर मागे घेतला, तर तेवढ्याच कोनात उघडूनही दातांमधील अंतर तीनेक मिलिमीटरने कमी भरते. लांब दांडी आखूड केल्यावर तिचे टोक कमी फिरते, तसेच हे. निर्झर यांच्या चार मिलिमीटरपैकी बराचसा भाग यातच गेला असण्याची शक्यता आहे.

आपल्या मापांत मला महत्त्वाचे वाटते ते ९ आणि ६. उजवा सांधा पुढे घसरला की जबडा डावीकडे जातो आणि डावा सांधा घसरला की उजवीकडे जातो. आपल्या मुलीचा जबडा डावीकडे पूर्ण जातो, म्हणजे उजवा सांधा बाजूच्या हालचालीत चांगला घसरतो. मग उघडताना हनुवटी उजवीकडे का ढळते? उजवा सांधा अडत असता तर डावीकडची हालचाल कमी भरली असती, त्यामुळे ही दोन निरीक्षणे एकमेकांशी जुळत नाहीत. बाजूची हालचाल मोजताना वरच्या आणि खालच्या दातांच्या मधल्या रेषा आधीपासून जुळत नसतील तर तेवढा फरक एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणा होतो, तिथे चूक झाली असावी. दात मिटवून दोन्ही मधल्या रेषांमध्ये किती अंतर आहे ते पाहा, ते धरून पुन्हा मोजा, आणि तीन वेगवेगळ्या दिवसांचे आकडे तारखेसह लिहून तारा लावण्याच्या आधीच्या भेटीत डॉक्टरांच्या हाती द्या.

पारिजात:

आत्ताच पाहिले. खालची मधली रेषा वरच्या रेषेच्या दीड-दोन मिलिमीटर डावीकडे आहे, आणि आम्ही ती धरलीच नव्हती. उद्यापासून पुन्हा मोजतो आणि आकडे इथे लिहितो.